न लिहिलेल्या अटी

वाक्यातील एखादा शब्द उच्चारला गेला नाही, तरी अर्थ पुरा होण्यासाठी तो तेथे आहे असे मानावे लागते. व्याकरणात अशा शब्दाला अध्याहृत म्हणतात. 'कुठे निघालात?' या प्रश्नाला 'बाजारात' एवढेच उत्तर मिळाले तरी ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. करारांची गोष्टही बरीचशी अशीच आहे. दोन पक्ष व्यवहार ठरवितात तेव्हा ते सर्व काही बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते सर्व लिहून ठेवीत नाहीत. परंतु बोलण्यातील अध्याहृत शब्दावरून सहसा भांडण होत नाही. करारातील न लिहिलेल्या अटीवरून मात्र एखाद्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघू शकते.

रायपूर हे धानाच्या मुलखातले व्यापाराचे मोठे ठिकाण. समजा, तेथील एका भातगिरणीच्या मालकाने नागपूरच्या व्यापाऱ्याशी दोनशे क्विंटल तांदळाचा सौदा केला. चिठ्ठीवर तांदळाची जात, वजन, दर आणि दोघांच्या सह्या एवढाच मजकूर आहे. माल केव्हा पोहोचवावयाचा, बारदानाचे पैसे दरात धरले आहेत की वेगळे द्यावयाचे, तांदूळ ओला किंवा किडका निघाला तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीत नाही. पुढे माल दीड महिन्याने आला, निम्म्या पोत्यांत कीड निघाली आणि बिलात बारदानाची रक्कम निराळी लावलेली आढळली. आता न्यायाधीशाने काय करावे? चिठ्ठीत नाही ते करारात नाही असे म्हणावे, की दोघांच्या मनात जे असले पाहिजे ते शोधून काढावे?

इंग्लंडच्या न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार आला आणि त्यांनी त्याचे जे उत्तर बसविले तेच थोड्याफार फरकाने भारतात रूढ झाले. कायद्याच्या मराठी परिभाषेत अशा अटीला 'गर्भित अट' म्हणतात. तिच्यासंबंधीचा मूळ नियम मात्र नकारात्मक आहे. पक्षांनी केलेला करार सुधारून देणे हे न्यायालयाचे काम नव्हे. एका पक्षाने तोट्याचा सौदा केला असेल तर तो त्याने निभावलाच पाहिजे. एखादी अट असती तर व्यवहार अधिक न्याय्य झाला असता, एवढ्यावरून ती अट करारात आहे असे धरता येत नाही. या कडक नियमाला अपवाद कोठे आणि का करावे लागले, हाच या विषयाचा गाभा होय.

यासंबंधात नेहमी सांगितला जाणारा खटला 'मूरकॉक' नावाच्या आगबोटीचा आहे. १८८७ च्या नोव्हेंबरात या बोटीच्या मालकाने लंडनमध्ये टेम्स नदीवरील एका धक्क्याच्या मालकांशी करार केला. बोट धक्क्याला लावून माल उतरवावयाचा व चढवावयाचा, असे ठरले. टेम्सला भरती-ओहोटी आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्याजवळचे पाणी इतके उतरत असे की बोट नदीच्या तळावर टेकणारच, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. बोट टेकली, परंतु तेथे चिखलाखाली कठीण जमिनीचा उंचवटा होता आणि त्यावर बसून बोटीचे नुकसान झाले. नदीचा तळ सुरक्षित असल्याची हमी करारात कोठेही दिलेली नव्हती. शिवाय तळ धक्क्याच्या मालकांच्या ताब्यात नव्हता. नदीची व्यवस्था एका वेगळ्या मंडळाकडे होती. धक्क्याच्या मालकांचा बचाव त्यामुळे वरकरणी भक्कम दिसत होता.

१८८९ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती बोवेन यांची विचारसरणी अशी होती: धक्का वापरावयाचा म्हणजे बोट तळावर टेकवावयाची, दुसरा मार्गच नाही. धक्क्याचे मालक तेथेच राहणारे. तळाची परीक्षा करणे त्यांना सोपे, बोटीवरच्या माणसांना अशक्य. मग त्यांनी तळ तपासण्याची वाजवी काळजी घेतली आहे, आणि घेतली नसेल तर तसे सांगितले आहे, एवढे तरी गृहीत धरल्याशिवाय या व्यवहाराला व्यवहार म्हणून काही अर्थच उरत नाही. येथे न्यायालयाने किती थोडे गृहीत धरले हे पाहण्यासारखे आहे. तळ सुरक्षित आहे अशी संपूर्ण हमी धक्क्याच्या मालकांवर लादली गेली नाही. केवळ वाजवी काळजी एवढीच अट घातली गेली. करार चालण्यास जेवढे आवश्यक तेवढेच, अधिक नाही, हे माप या निवाड्याने घालून दिले.

दुसरे माप पन्नास वर्षांनी आले आणि ते अधिक लोकप्रिय झाले, बहुधा ते समजण्यास सोपे असल्यामुळे. १९३९ साली न्यायमूर्ती मॅकिनन यांच्यापुढे शर्लॉ नावाच्या एका व्यवस्थापकीय संचालकाचा खटला होता. त्याची नेमणूक दहा वर्षांसाठी झाली होती. परंतु मध्येच कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, तिचे नियम बदलण्यात आले आणि त्या बदललेल्या नियमांच्या आधारे त्याला संचालकपदावरून दूर करण्यात आले. दहा वर्षे त्याला काढणार नाही, असे वचन करारात शब्दशः नव्हते. मॅकिनन यांनी कल्पना केली की, दोन पक्ष सौदा ठरवीत असता एक आगंतुक मध्येच डोकावून म्हणतो, 'अहो, पण हेही लिहून ठेवा ना!' त्यावर दोघेही एकदम वैतागून 'ते तर आलेच!' असे उत्तरले असते, तर ती अट करारात आहे असे समजावे. शर्लॉला बारा हजार पौंडांची भरपाई मिळाली, आणि पुढील वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो निवाडा तीन विरुद्ध दोन मतांनी कायम केला. 'ते तर आलेच' असे ज्याविषयी म्हणावयाचे, त्याविषयी पाचांपैकी दोन न्यायाधीशांचे मत वेगळे पडावे, यावरून ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही हे उघड होते. शिवाय या आगंतुकाच्या प्रश्नाला दोन्ही पक्षांनी एकच उत्तर दिले पाहिजे. एकाने 'ते तर आलेच' म्हणावे आणि दुसऱ्याने 'छे, ते ठरले नव्हते' म्हणावे, अशी स्थिती असेल तर अट बारगळते.

तथापि बाजारातील बहुसंख्य न लिहिलेल्या अटी या दोन्ही मार्गांनी येत नाहीत. त्या रिवाजातून येतात. १८३६ च्या एका इंग्रजी निवाड्यात कुळाने जमीन सोडताना पेरलेल्या बियाण्याची व केलेल्या मशागतीची वाजवी भरपाई मागितली होती. पट्ट्यात तसे काही लिहिलेले नव्हते, पण त्या भागातील रिवाज तसा होता, आणि न्यायालयाने तो पट्ट्याचाच भाग मानला. जेथे रिवाज सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो तेथे माणसे तो लिहीत नाहीत. लिहिले नाही म्हणून तो त्यांना नको होता असा अर्थ होत नाही.

मराठी वाचकाला या बाबतीत इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. मुंबईच्या बाजारातील पक्की अडत हे याहून चांगले उदाहरण आहे. मुंबईबाहेरचा एखादा व्यापारी तेथील अडत्याला कापसाच्या किंवा गळिताच्या धान्याच्या खरेदीचा हुकूम पाठवी. कच्चा अडत्या असेल तर तो केवळ दोघांची गाठ घालून देई. पक्क्या अडत्याची गोष्ट निराळी. हुकूम देणाऱ्याशी तो स्वतः बांधला जाई. सौदा पुरा होण्याची जबाबदारी त्याची. परंतु त्याने बाजारात तो माल कोणाकडून घेतला, त्याच्याशी परगावच्या व्यापाऱ्याचा काही संबंध येत नसे. अडत्या वाटल्यास स्वतःसाठी किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी उलट सौदा करून पहिला सौदा व्यवहारतः मिटवून टाकी, आणि त्याच्या जागी नवा सौदा करण्यास तो बांधलेला नसे. हे सारे कोणत्याही हुकुमाच्या पत्रात लिहिलेले नसे.

यात वादाचा मुद्दा मोठा होता. एजंटाने मालकाला न सांगता स्वतःच त्याच्याशी व्यवहार करू नये, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. इंग्लंडमध्ये १८७५ साली लंडनच्या चरबीच्या बाजारातील दलालांचा जवळजवळ असाच एक रिवाज हाउस ऑफ लॉर्ड्‌सने अमान्य केला होता. ज्याला तो रिवाज माहीत नाही अशा बाहेरच्या गिऱ्हाइकावर तो लादता येणार नाही, कारण दलाल हा दलाल न राहता विक्रेता होऊन बसतो, असे तेथे ठरले. मग मुंबईच्या अडत्याला वेगळा न्याय का? १९०५ साली भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी पक्क्या अडतीची वरील लक्षणे एकेक करून नोंदली आणि तो रिवाज ग्राह्य धरला. पक्का अडत्या हा निव्वळ एजंट नव्हेच, आपल्या गिऱ्हाइकाशी त्याचे नाते बऱ्याच अंशी समोरासमोरच्या दोन पक्षांचे असते, हे एकदा मान्य केले की लंडनचा आक्षेप लागू पडत नाही. इंग्रज न्यायाधीशाने इंग्रजी निवाड्याच्या ओघात वाहून न जाता येथील पेढ्यांवर प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले, ही गोष्ट दाद देण्यासारखी आहे. अर्थात या निर्णयाचा लाभ मुंबईच्या पेढीला झाला. परगावच्या व्यापाऱ्याला 'माझा कापूस कोणाला विकलास ते दाखव' असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

रिवाज आहे असे नुसते म्हणून चालत नाही. तो निश्चित, वाजवी आणि त्या बाजारात सर्वज्ञात असला पाहिजे, आणि जो त्याचा आधार घेतो त्याने तो साक्षीपुराव्याने सिद्ध केला पाहिजे. लेखी कराराच्या स्पष्ट शब्दांशी तो विसंगत असेल तर शब्द राहतात, रिवाज जातो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. रायपूरच्या चिठ्ठीतील बारदानाचा प्रश्न सुटेल तो याच मार्गाने: तेथील बाजारात दर बारदानासह बोलला जातो की त्याविना, हे इतर व्यापाऱ्यांनी शपथेवर सांगावे लागेल.

किडक्या तांदळाचा प्रश्न मात्र साक्षीदारांविना सुटतो, कारण तेथे अट खुद्द कायद्याने घातलेली आहे. एके काळी इंग्लंडमध्ये मालाची पारख करणे ही खरेदीदाराची जबाबदारी समजली जाई. एकोणिसाव्या शतकात न्यायाधीशांनी या नियमाला एकामागून एक अपवाद केले आणि १८९३ च्या इंग्रजी मालविक्री कायद्यात ते एकत्र आले. त्या कायद्याचा मसुदा करणारे मॅकेन्झी चामर्स पुढे काही वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सभासद होते. भारतात १९३० साली जो मालविक्री अधिनियम झाला तो याच कायद्याच्या धर्तीवर. त्याच्या सोळाव्या कलमाची सुरुवात जुन्याच नियमाने होते, की मालाच्या प्रतीविषयी कोणतीही गर्भित हमी नाही. आणि मग अपवाद येतात. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य प्रतीचा असलाच पाहिजे. खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कसबावर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे. मात्र खरेदीदाराने माल तपासला असेल, तर तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. नागपूरचा व्यापारी गिरणीवर जाऊन पोती फोडून पाहून आला होता काय, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. वेळेचा प्रश्नही असाच सुटतो; मुदत ठरलेली नसेल तर माल वाजवी वेळेत पाठविला पाहिजे, असे याच अधिनियमाचे छत्तिसावे कलम सांगते.

या अटी पक्षांच्या मनातून शोधलेल्या नाहीत. त्या विशिष्ट जातीच्या प्रत्येक कराराला कायदाच चिकटवितो. नको असतील तर पक्षांनी तसे उघड ठरवावे. कधी हे काम विधिमंडळ करते, कधी न्यायालय. लिव्हरपूल नगरपालिकेच्या पंधरा मजली इमारतीतील भाडेकरूंचा खटला १९७६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये आला. लिफ्ट बंद, जिन्यात अंधार, कचऱ्याचे नळ तुंबलेले. आणि भाडेपत्रात भाडेकरूंची कर्तव्ये तेवढी लिहिलेली, नगरपालिकेचे एकही नाही. लॉर्ड विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले की उंच इमारतीतील घर भाड्याने देणाराने जिने व लिफ्ट वापरण्याजोगे ठेवण्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे. त्याविना असे भाडेपत्र निरर्थक होय. एवढे मिळवूनही भाडेकरू हरले, कारण वारंवार होणारी मोडतोड पाहता नगरपालिकेने वाजवी काळजी घेतली होती असे न्यायालयाला वाटले.

गर्भित अट ही नेहमी दुबळ्याच्याच मदतीला धावते, अशी समजूत करून घेणेही चुकीचे ठरेल. १९५७ च्या एका इंग्रजी खटल्यात लॉरी मागे घेताना चालकाच्या हातून त्याचा स्वतःचाच बाप जखमी झाला. दोघे एकाच कंपनीचे नोकर. विमा कंपनीने बापाला भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावे ती रक्कम मुलाकडून मागितली. नोकराने काळजीपूर्वक काम करावे ही नोकरीच्या करारातील गर्भित अट त्याने मोडली, असे म्हणणे मांडण्यात आले. मालकाने विम्याद्वारे आपल्याला संरक्षण द्यावे हीही गर्भित अटच आहे, असे मुलाचे उत्तर होते. तीन विरुद्ध दोन मतांनी मुलगा हरला. कायद्याच्या तर्कशास्त्रात हा निवाडा कदाचित बसत असेल, पण तो इतका बोचला की पुढे विमा कंपन्यांनीच आपसांत ठरवून या हक्काचा वापर टाळला.

रायपूरला या साऱ्या कायद्याचा परिचय फार जुना आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्या वेळी रायपूर मध्य प्रांतात होते आणि तेथील अपिले शेवटी नागपूरला येत. १९३६ साली नागपुरास उच्च न्यायालय झाले, १९५६ नंतर ते स्थान जबलपूरकडे गेले, आणि २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर बिलासपूरकडे. या अधिनियमाने व्यापारी रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले, आणि शब्दांनी न दिलेल्या वचनालाही नवव्या कलमात वचनच म्हटले.

करारात जसे मौन असते तसे ते कायद्यातही असते, आणि तेथेही हाच पेच पडतो. वऱ्हाडातील खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीने १९५९ च्या जुलैत अहमदाबादच्या एका पेढीशी सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवरून केला. करार कोठे पुरा झाला, जेथे होकार बोलला गेला त्या खामगावात की जेथे ऐकला गेला त्या अहमदाबादेत? १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, १८७२ च्या कायदेकारांना टेलिफोनची कल्पना असणे शक्य नव्हते असे म्हणून, इंग्रजी नियमाच्या आधारे अहमदाबादच्या बाजूने कौल दिला. तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. अधिनियमाचे शब्द या प्रसंगालाही पुरतात, आणि शब्द पुरत असतील तर इंग्रजी नियम बाहेरून आणण्याचे कारण नाही, असा त्यांचा रोख होता. हिदायतुल्ला यांचे शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे.

इंग्रजी कल्पना जशीच्या तशी घ्यावयाची नाही, याचे आणखी एक उदाहरण आहे. करारानंतर तो पाळणे अशक्य झाले, जसे भाड्याने ठरविलेले नाट्यगृहच जळून गेले, तर इंग्लंडचे न्यायाधीश दीर्घकाळ असे म्हणत की 'गृह शाबूत राहिले तर' ही अट करारात गर्भित होती. लॉर्ड सँड्‌स या स्कॉटिश न्यायाधीशाने या युक्तिवादाची थट्टा केली आहे. फिरत्या प्राणिसंग्रहालयातून वाघ सुटल्यामुळे गवळ्याची मुलगी दूध घालण्यास आली नाही, तर गवळ्याला माफी असावी हे खरे. पण म्हणून दुधाच्या करारात 'वाघाचे दिवस वगळून' असे लिहिलेले आहे, असे मानणे विचित्रच होय. भारतात असे सोंग आणण्याची गरज नाही. अशक्य झालेला करार रद्द होतो असे करार अधिनियमाचे छप्पन्नावे कलमच सांगते, आणि १९५३ साली सत्यव्रत घोष यांच्या खटल्यात न्यायमूर्ती मुखर्जी यांनी ते स्पष्ट केले.

अलीकडच्या काळात कसोट्या अधिक काटेकोर झाल्या आहेत. १९७७ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने पाच गोष्टी एकत्र सांगितल्या: अट वाजवी व न्याय्य असावी, व्यवहार चालण्यास आवश्यक असावी, न सांगताही समजण्याइतकी उघड असावी, नेमक्या शब्दांत मांडता यावी आणि लिखित अटींच्या विरोधी नसावी. २००९ साली लॉर्ड हॉफमन यांनी हे सर्व केवळ कराराचा अर्थ लावण्याचेच प्रकार आहेत असे सुचविले, तेव्हा दार सैल झाले असे अनेकांना वाटले. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्क्स अँड स्पेन्सर कंपनीच्या खटल्यात ते पुन्हा घट्ट लावून घेतले. कंपनीने तिमाहीचे भाडे आगाऊ भरून जागा मध्येच सोडली होती. उरलेल्या दिवसांचे भाडे परत मागण्याची अट सविस्तर पट्ट्यात नव्हती, म्हणून ती गर्भितही नाही असे ठरले.

दोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न छत्तीसगडच्या कोळशावरून आला. पंजाबातील राजपुरा येथील नाभा पॉवरच्या वीज केंद्राला साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्‌स या बिलासपूरच्या सरकारी कंपनीकडून कोळसा मिळे. खाणीपासून केंद्राचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक. इतक्या दूर न्यावयाच्या कोळशात राखेचे प्रमाण चौतीस टक्क्यांहून जास्त असू नये, असा त्या वेळी पर्यावरणविषयक नियम होता, म्हणून कोळसा वाटेत धुवून घ्यावा लागे. हा धुण्याचा आणि त्यापायी वाढलेल्या वाहतुकीचा खर्च वीज विकत घेणाऱ्या पंजाबच्या सरकारी कंपनीने द्यावा की केंद्राने सोसावा? धुण्याच्या खर्चाचा स्वतंत्र उल्लेख करारात नव्हता. जो काही निर्णय होईल त्याचा भार अखेर पंजाबातील वीजग्राहकांच्या बिलावर किंवा कंपनीच्या नफ्यावर पडणार होता.

न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या निवाड्यात मूरकॉकपासून मार्क्स अँड स्पेन्सरपर्यंतची सारी परंपरा तपासलेली आहे. आगंतुक आहे, पाच कसोट्याही आहेत. परंतु निविदा मागवून, कलमागून कलम लिहून केलेल्या अशा करारात न्यायालयाने गर्भित अटीला सहजासहजी हात घालू नये, असा इशारा देऊन न्यायालय पुन्हा लिखित सूत्राकडे वळले. कोळसा विकत घेण्याचा, आणण्याचा व केंद्रावर उतरविण्याचा प्रत्यक्ष खर्च त्या सूत्रात धरलेला होता. जो कोळसा केंद्रावर उतरवावयाचा तो धुतलेलाच असणार, म्हणून धुण्याचा व त्यासाठीच्या वाहतुकीचा खर्च त्याच शब्दांत आला, असे न्यायालयाने ठरविले. कंपनीला तो खर्च मिळाला. मात्र त्यासाठी करारात एकही नवा शब्द घालावा लागला नाही.